तीन हजार दोनशे

आज माझ्या टेबलावर कॉर्कचा डर्मट आहे,
पालथा, चेहरा उशीच्या भोकात.
बाहेर इस्तंबूलची सकाळ, नऊ वाजलेले.
मानेच्या वरून एकेक मूळ उपसायचं,
गार पाण्याच्या बशीत मांडायचं,
दहा-दहाच्या ओळी.
दुपारी तेच पुढे, कपाळावर रोवायचं.
तीन हजार दोनशे.
तेवढ्यांचेच पैसे भरलेत त्याने,
हॉटेल, विमानतळावरची गाडी आणि शांपू धरून.

रिझेच्या उतारावर मी चहा खुडत वाढले.
खुडणारी बोटं रोवायला शिकली
ती इथे, पगारावर.
सुई तिरकी धरायची, वाऱ्याने झुकल्यासारखी;
सरळ लावलेला केस खोटा दिसतो.

डर्मट उशीतून बोलतो, घोगरा.
बावीस वर्षं लोकांची छपरं घातली म्हणे,
टोपी कधी उतरली नाही,
खाली काय आहे कुणी विचारलं नाही.
मग घटस्फोट. मग फोन.
फोनमध्ये स्वतःचा फोटो
आणि कुणाच्या तरी बोटाने डावीकडे सारलं जाणं.
"डावीकडे," तो पुन्हा म्हणतो,
जणू त्या बाजूने छपरावरून ढकललाय त्याला.

भिंतीवर नमुन्याचा माणूस आहे,
छाती भादरलेली, ओठ जरासे उघडे.
आठ वर्षांत त्याचा एक केस पिकला नाही.
त्याचा एक कोपरा मात्र सुटलाय,
चिकटपट्टी लावायची रोज राहून जाते.

माझे बाबा चहाची पोती वाहायचे,
त्यांची पाठ एका अंगाला कलली होती.
टक्कल लख्ख. शुक्रवारी आई त्यावर
लिंबाचं कोलोन चोळायची,
एक टपली मारायची: जा आता.
देखणे होते का ते?
आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही,
असं मी सगळ्यांना सांगते.
पण मी बारा वर्षांची असताना
उभ्या ट्रकच्या आरशात पाहताना दिसले होते ते मला:
पोट आत ओढून, श्वास धरून,
ट्रक सुरू होईपर्यंत.

चार वाजता डर्मट उताणा.
हातिजे आकडा म्हणते, मी रोवते.
दोन हजार सहाशे अकरा.
"जगतील ना सगळी?"
आधी गळतील, मी सांगते. महिन्याभरात
बहुतेक गळतात. मुळं आत राहतात. घाबरू नका.
तो हसायला जातो.
कपाळ सुन्न आहे, भुवई उचलत नाही.
दोन हजार सहाशे बारा.