वडसा, मुक्काम दोन रात्री

अकराव्या दिवशी डाव्या बुटाचा तळ
दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला
आणि मी नदी सोडून गावात शिरले.

या गावाला नावं दोन.
स्टेशनवर वडसा, कचेरीत देसाईगंज.
बावीस वर्षं मी तिकिटावर एक फाडलं
आणि दारात उभी राहून दुसरं ओरडले.

लॉजवाल्यानं आधार कार्ड उलटंपालटं केलं.
"सोबत कोण आहे जी?"
"कोणी नाही."
"अन् गाडी?"
"गाडी नाही."
"मंग आल्या कशा?"
मी पायांकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं,
आणि वाहन क्रमांकाच्या रकान्यात
लांब रेघ ओढली, पट्टी लावून.

बादलीतलं पाणी तीनदा बदललं.
गोसीखुर्दच्या बाजूची माती नखांतून निघेना,
तिनं तिथं दोन दिवस माझी वाटही खाल्ली होती.
मोजे दोरीवर टाकले. त्यांना अजून पायांचाच आकार होता.

कवडू मोची राइस मिलच्या भिंतीला बसतो,
डोक्यावर कोंडा उडत असतो, तो झटकत नाही.
बूट हातात घेऊन त्यानं तळ वाचला,
चष्म्यावरून, सावकाश, सातबारा वाचावा तसा.
"डावा पाय जड पडते तुमचा.
त्या खांद्यावर काही वागवत होत्या काय?"
बॅग, मी म्हटलं. चामड्याची. सुट्या पैशांची.
आता दोन वर्षं झाली ती डेपोत जमा केल्याला.
"पायाले कोणी सांगतलं नसन," तो म्हणाला
आणि टोच्या मेणात घासायला लागला.
बूट उद्या मिळेल.

मग मी लॉजच्या निळ्या चपलांत आलूबोंडा खाल्ला,
तर्री दोनदा मागितली, नाक पुसलं,
आणि पाय आपोआप गेले तिथं गेले, स्टँडवर.
बाकड्यावर बसायची सवय नव्हती मला.
भंडारा लागली होती. दारात नवी पोरगी,
नेमप्लेटवर मेश्राम, मशीन गळ्यात,
खांदे अजून दोन्ही सारखे.
"बसता का काकू? सुटतेच आता."
तीन तास. अकरा दिवसांचे तीन तास,
घरी कुकर, माझी उशी, नळाला पाणी सहा वाजता.
डावा पाय पायरीवर चढला होता.
मोकळ्या जागा मी आधीच मोजल्या होत्या: सतरा.
"चुकून," मी म्हटलं, आणि खाली उतरले.

पुलावर गाडी जायची तेव्हा मी हिशेब लिहीत असायचे.
मान वर केली तर चाळीस सेकंद नदी,
दिवसातून चारदा, तीही खिडकीच्या गजांतून.
निवृत्तीच्या अर्जाच्या मागं एकदा बेरीज मांडली होती:
सुट्ट्या वजा जाता
सगळी मिळून साडेअकरा दिवस.

रात्री झोप नाही. अंगभर चादर,
आणि चादरीखाली पाय चालतच राहिलेले,
वाळू, गोटे, लाखोळीचं शेत, परत वाळू.
दीडच्या सुमाराला मालगाडी गेली.
शेजारच्या खोलीत कोणी तरी हसत होतं, बराच वेळ.

सकाळी कवडूनं बूट पुढं केला.
"एसटीचंच टायर आहे जी. तुम्ही थकान, हे नाही थकत."
मी पैसे दिले. त्यानं सुटे मागितले.
माझ्याकडं सुटे नव्हते! मी,
आणि सुटे नाहीत. दोघंही हसलो,
तो का हसला ते त्याचं त्याला माहीत.

घाटाखाली वाळू ओली होती.
मागं वळून पाहिलं तर उजवा ठसा माणसाचा,
डावा गाडीचा,
आणि दोन्ही चपराळ्याकडं निघालेले.

एक मोजा दोरीवरच राहिला.
आरमोरी येईपर्यंत लक्षात आलं नाही.