लापशीची वही

डाव्या पानांवर अजून तेच आहे:
ओट्स अकरा किलो, मीठ दोन मुठी, मुलं एकशे बेचाळीस.
मग शहाण्णव. मग एकतीस.
हिर्विलाम्पीची शाळा बंद झाली,
मोठं पातेलं कुणीतरी लिलावात नेलं,
वही मी पिशवीत टाकली. कुणी विचारलं नाही.

उजवीकडे आता पुस्तकं आहेत,
जानेवारीपासून, माझ्या वाकड्या अक्षरात.
सदतीस; त्यांतली नऊ अर्धवट.
अर्धवटही मी मोजते.
अर्धी वाटी खाल्लेलं पोर
जेवलं असंच धरायचो आम्ही.

एक गुरुवार सोडून एक गुरुवार
पुस्तकांची बस जुन्या दुधाच्या ओट्यापाशी थांबते.
उणे अठ्ठावीस असलं तरी हिल्का दार उघडते,
आत डिझेलचा नि ओल्या लोकरीचा वास.
पहिल्यांदा गेले ती नुसती ऊब घ्यायला.
रिकाम्या हाताने कसं उतरायचं, म्हणून पुढ्यातलं उचललं:
मधमाश्या पाळणाऱ्या पाद्र्याची गोष्ट.
पाद्री अगदीच मठ्ठ. मधमाश्या छान होत्या.

फेब्रुवारीतल्या जाडजूड ग्रंथाने
नमनालाच घडाभर तेल ओतलं;
ऐंशी पानं झाली, नायक अजून बूट घालतोय.
मी त्याला सोडला तसाच, एका पायात बूट.
कधी कधी वाटतं, थंडीत उभा असेल बिचारा.

मार्चमधलं काही आठवत नाही.
वहीत चार नावं, एकापुढे लिहिलंय: रडले.
कशाला, देव जाणे.

एप्रिलात, छपरावरून बर्फ धपकन घसरत होता तेव्हा,
पहिला ठिपका दिसला.
पेन्सिलीचा, 'सावकाश' या शब्दाखाली.
पुढे तीस पानं काही नाही. मग 'जावई'.
मग 'लोखंडी'.
जोडून पाहिले, अर्थ लागेना.
कुणाला तरी हे शब्द नुसतेच आवडले होते,
जसा एक मुलगा लापशीच्या मधोमध वितळणारा
लोण्याचा डोळा तेवढा खायचा.

मग मी ठिपक्यांचीच पुस्तकं शोधू लागले.
हिल्काला विचारलं, कोण गं हा?
ती चष्म्यावरून बघत म्हणाली,
"राइली, तू काय नेतेस हे मी कुणाला सांगते का?"

गावात आम्ही एकोणीस जण.
मी प्रत्येकाच्या बोटांकडे बघू लागले.
तोइवोच्या हाताला कायम ग्रीस.
एस्को माझ्याशी बोलत नाही,
होडीच्या धक्क्यावरून भांडलो त्याला तीस वर्षं झाली.
पण वाचणं माणसाच्या तोंडावर कुठे दिसतं?
मला तरी कोण विचारतं, बाई,
रात्री दोनपर्यंत दिवा कशाला जाळता?

जूनमध्ये दिवाही लागला नाही.
रात्रभरच्या उजेडात, सॉनाच्या पायरीवर,
पाय गार पाण्याच्या बादलीत,
एका घड्याळवालीची तीन लग्नं वाचली.
डासांनी मला खाल्लं, मी पुस्तक.
तिसऱ्या नवऱ्यापाशी मोठ्याने हसले,
तर तळ्यापलीकडे एस्कोचा कुत्रा भुंकला.

शाळेत असताना उष्टं वेगळ्या बादलीत पडायचं,
एस्कोच्या डुकरांसाठी. भांडणानंतरही तो न्यायला यायचा,
मान खाली घालून.
आता कुणाचं तरी उष्टं
मीच मिटक्या मारत खाते.

ऑक्टोबरात एक पुस्तक आलं, स्वच्छ, बिनठिपक्याचं.
पेन्सिलीला टोक केलं. तीन दिवस तशीच ठेवली.
मग एकशे बाराव्या पानावर, 'बादली' खाली,
एकच.

डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी
तेच पुस्तक पुन्हा मागितलं. हिल्का काही बोलली नाही.
माझ्या ठिपक्याला लागून दुसरा ठिपका होता,
किंवा तेव्हा माझाच हात थरथरला असेल.

ते अडतिसावं धरायचं की नाही, ठरत नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या मुलांना
आम्ही हिशोबात मोजत नसू.
नावं मात्र त्यांचीच आठवतात.