मागचा दिवा

खिंडीच्या अलीकडच्या नवव्या वळणावर
ती मला डावीकडून ओलांडून गेली.
ती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त
करडं हेल्मेट, जुनी लाल गुझ्झी,
आणि जाता जाता बाहेर काढलेला उजवा पाय,
आमच्याकडे काढतात तसा. म्हणजे:
आभारी आहे, चालू द्या तुमचं.

मी बाकिझिओ पिरास, वय एकोणपन्नास,
दोर्गालीत माझं गॅरेज. या रस्त्यावरच्या
निम्म्या गाड्यांचे कार्ब्युरेटर माझ्या हातून गेलेत.
मला कोणी ओलांडत नाही असं नाही.
मिलानची पोरं ओलांडतात, जर्मन ओलांडतात,
त्यांना मी जाऊ देतो; पुढे कुठेतरी ते
शेळ्यांच्या कळपात अडकलेले भेटतात.
पण हा पाय. ही सवड.

गिअर एक खाली.
बुचाच्या ओकांची कमरेपर्यंत सोललेली लाल खोडं
मागे पडली, गोळ्यांनी चाळण झालेली
गावाची पाटी मागे पडली
(आमच्याकडे नेम पाट्यांवरच शिकतात)
आणि पुढे तो लाल ठिपका:
वळणाआधी दोनदा लुकलुके, मग झुके, मग नाही.
मी पोचेपर्यंत नुसता पेट्रोलचा वास
आणि अजून हलणारं गवत.

ज्याच्या मागे लागतो त्याला माणूस
इतकं शिकतो, जितकं मी
बायकोलाही शिकलो नाही:
कुठे श्वास घेतो, कुठे रस्त्यावर भरवसा नाही त्याचा,
कुठल्या दगडाला तो जुन्या वैऱ्यासारखी
लांबूनच ओळख देतो.

सरळ पट्टा एकच, मेंढवाड्यापाशी, दोनशे मीटर.
तिथे गाठलं. शेजारी आलो.
क्षणभर दोन इंजिनं एका ठेक्यात.
मग मी पुढे. मीही पाय काढला.
जरा जास्तच काढला.

आता तिचा उजेड माझ्या आरशात,
आणि काय सांगू, मला गाडी चालवता येईना.
रोजचं वळण अंगावर आलं, हात परक्याचे झाले;
खांद्यावरून कुणी वाचत असावं
तसा मी रस्ता लिहीत होतो, खाडाखोड करत.

मग आरसा रिकामा झाला.
पहिल्या वळणावर वाटलं, जिंकलो.
दुसऱ्यावर, येईल.
तिसऱ्यावर काही वाटून घेतलंच नाही,
गाडी फिरवली.

वळणं उलटी मोजत उतरलो. खाली दरी,
दरीच्या टोकाशी समुद्र, त्याच्यावरून उजेड निघालेला,
आणि कठड्याचा प्रत्येक तुटका भाग
आत्ताच तुटल्यासारखा.

मैलाच्या दगडावर बसली होती, हेल्मेट मांडीवर,
पांढरे केस घामाने चप्प, चाकूने नासपती कापत.
बोनारिया कॉन्तु. एकतीस वर्षं या घाटात टपाल वाटलं हिने;
माझं लष्करात हजर व्हायचं पत्रही हिच्याच हातून आलेलं.

"पडलात की काय?"
"तुझा मागचा दिवा बंद आहे," ती म्हणाली.
"ब्रेक कधी मारतोस कळेना.
म्हणून सोडला तुझा नाद."
आणि चाकूच्या टोकावर एक फोड पुढे केली.

गॅरेजवाल्याचा दिवा. गुडघ्यांवर बसून पाहिलं:
बल्ब काळा, कधीपासून कोण जाणे.
म्हणजे इतके रविवार
मी पुढे होतो तेव्हा मागच्यांना
दिसत होता नुसता एक भरधाव काळोख,
आणि ते मागे राहत होते ते
माझ्या वेगामुळे नव्हे.

अंधारलं तशी ती उठली, हात पँटला पुसले.
"माझ्या मागून ये. फार जवळ नको."

मग पुन्हा ते दोनदा लुकलुकणं, ते झुकणं.
वर कुठेतरी शेळ्यांच्या घंटा.
मेंढवाड्यापाशी, रस्ता सरळ असताना,
काही कारण नसताना,
तिने एकदा ब्रेक दाबला.

मी पुढचा दिवा मिचकावला.