तूर्तास

तार्तूत साडेतीनला अंधार पडतो.
नदी काठाकाठानं गोठायला लागली आहे.
माझ्यापुढे बेवारस पॅकेजांची यादी,
राईच्या पावाचा तुकडा, आणि नियम :
तीन पत्रं, सहा आठवडे, मग नाव खोडायचं.

काल्यू रायदमाला तिन्ही पत्रं गेली.
एक परत आलं. दोन गेली ती गेलीच.
त्याचं पॅकेज एवढंसं, चारशे ओळींचं,
जुन्या वजनकाट्यांचे आकडे वाचतं, बस.
काढूनच टाकणार होते.
सवयीनं विचारलं, याच्यावर कोण टेकलंय?
एक्केचाळीस नावं आली.

एक सारेमा बेटावरच्या मासळीवाल्यांचं.
एक विल्यांदीतल्या सुईणींचं,
रात्री जन्मलेली पोरं ते ग्रॅममध्ये मांडतं.
त्यांच्यापैकी कुणाला रायदमा ठाऊक नसणार.
मला तरी कुठे होता?

बदलांच्या नोंदीत त्याची शेवटची ओळ,
अकरा वर्षांपूर्वीची :
"उणे वजन दिसत होतं, ते थांबवलं.
मुलीला ताप आहे. उरलेलं उद्या."

वीर्वे म्हणते, घेऊ नकोस, सतरा आहेत तुझ्या गळ्यात.
खरंय. त्यातली नऊ तरी
अशाच एखाद्या संध्याकाळी आली.

रिकाम्या जागी माझं नाव लिहिलं,
पुढे कंसात : तूर्तास.
मग चारशे ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.
ताप उतरला असेल, असं धरून चालले आहे.
काटा शून्यावर येतो, मासळी मोजली जाते, पोरंही.
उरलेलं काय होतं
ते मात्र कुठेच सापडत नाही.