साल

पत्रकात छापलं होतं: तीन दिवस, अकरा चवी,
एक किल्ला, दोन द्राक्षमळे, दुपारची झोप वेगळी.
सुलभानं प्रत्येक चवीपुढे चौकोन आखून घेतला,
खूण करायला.

आलेंतेजूत रस्ता सरळ जातो,
वळायला त्याला कारणच सापडत नाही.
दोन्ही बाजूंना बुचाची झाडं,
बुंध्यापासून फांद्यांपर्यंत सोललेली,
आतला रंग नुकत्या भाजलेल्या विटेचा,
आणि प्रत्येकाच्या अंगावर पांढरा, एकच आकडा:
सात. तीन. सात. शून्य.
जनगणना झालेली दिसते, सुलभा म्हणाली.

उलगडा केला फ्लोरिव्हालनं.
गाईड नव्हे तो, चीज करणारीचा नवरा,
मेंढ्यांना पाणी घेऊन चालला होता:
ज्या वर्षी साल काढली, त्या वर्षाचा शेवटचा आकडा.
पुढली साल नऊ सालांनी.
हा श्लेष त्याच्या भाषेत होत नाही,
आणि मीही समजावत बसले नाही.
त्याच्या हातातली बालदी मात्र
त्याच्याही भाषेत जवळजवळ बालदीच होती.

काटेरी फुलाच्या जांभळ्या तंतूंनी
दूध विरजतात इथे.
वरचं झाकण कापा, चमच्यानं खा, चव किंचित कडवट.
(खूण.)
मातीच्या रांजणातली वाइन, तळाशी गाळ.
(खूण.)
किल्ला मूरांनी बांधलेला, राजांनी घेतलेला,
सध्या करकोच्यांच्या ताब्यात.
त्याला चौकोन नव्हता.

आठवी चव इदालीनाच्या स्वयंपाकघरात.
लसूण, मीठ, कोथिंबीर खलात,
वर ऑलिव्हचं तेल, उकळतं पाणी,
आणि परवाचा पाव हातानं तोडून.
संपलं. एवढंच.
कोथिंबीर कुटल्यावर इथेही तसाच वास येतो,
याचं मला उगाचच आश्चर्य वाटलं.

काल हॉटेलात यात अंडं होतं, सुलभा म्हणाली,
आणि मासा. सोळा युरो.
नातीनं भाषांतर केलं.
इदालीना इतकी हसली
की बत्ता खाली ठेवावा लागला.
सोळा!
मग डोळे पुसत बोलत राहिली,
आणि नात मध्येच थांबली,
म्हणाली, हे मलाही माहीत नव्हतं.

आम्ही नऊ जण होतो.
अंडी बाजारात जायची.
मालकाचा गहू आम्हीच कापायचो,
पाव मात्र मोजून मिळायचा.
ज्या दिवशी तोही नसे,
त्या संध्याकाळी आई
रिकाम्या खलात बत्ता चालवायची,
दार उघडं ठेवून.
शेजारच्या घरी ऐकू जावं म्हणून.
पलीकडूनही आवाज यायचा.
तिकडच्या खलात काय असायचं,
कोणी कोणाला विचारलं नाही.

सुलभानं आठव्या चौकोनात खूण केली की नाही,
मी पाहिलं नाही.
वाडगा तिनं पावाच्या कडेनं पुसून घेतला, एवढं पाहिलं.

दाराशी एक झाड, त्यावर कोरा करकरीत आकडा.
पुढल्या वेळी सोलू तेव्हा या, इदालीना म्हणाली,
आणि बोटांवर वर्षं मोजू लागली.
एक हात संपला.
दुसऱ्या हाताच्या दुसऱ्या बोटावर थांबली,
काय ते मनाशी ठरवलं,
आणि आत जाऊन
अर्धा पाव फडक्यात बांधून आणला.

शिळा होऊ द्या, म्हणाली.
ताज्याचं होत नाही.