अर्शाविरच्या डावांवर शेरा

अर्शाविर, तुझे चाळीस डाव पाहिले.
बाहेर ग्युम्रीवर रात्रभर बर्फ,
आत स्टोव्हवर कॉफी दोनदा उतू गेली.

घोडा तू असा देतोस,
जशी पाहुण्याला कुणी
घरातली एकुलती एक खुर्ची द्यावी,
मागं न बघता.
समोरचा कुणी ब्राझीलचा, कुणी फिनलंडचा
हरखून बसतो, आणि तिथंच अडकतो.
हे मी शिकवलेलं नाही. हे शिकवता येत नाही.

आता बाकीचं.
किल्लेकोट करायला तू विसरतोस.
राजा मधोमध, उघड्या अंगणात,
डोक्यावर टोपीसुद्धा नाही.
आणि तो चौतिसावा डाव!
दोन प्यादी जास्त, घड्याळात पन्नास सेकंद.
हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात,
तुझा तर हत्तीही शाबूत होता पटावर,
तरी बरोबरी.

पन्नास सेकंद पुष्कळ असतात रे.
तुझा बाप मार्तिरोस बूट शिवतो,
दोरा ओढला की थांबतो,
अंगठ्यानं शिवण चाचपतो,
मगच पुढचा टाका.
गुरुवारी त्याच्याजवळ जाऊन बस.
फोन घरी ठेव.
काही शिकायला जाऊ नकोस, नुसता बस.

आणखी एक. सांगणार नव्हते.
मंगळवारी मध्यरात्री
एकसष्टाव्या चालीत तुला हरवलं,
ते बिनचेहऱ्याचं खातं माझं.

विशेष काही केलं नाही मी.
तू खुर्ची पुढं केलीस,
मी उभीच राहिले.