भरतीची वेळ

जाहिरात आली शुक्रवारी, चवथीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी.
भरती: सहायक प्राध्यापक, सागरी जीवशास्त्र, पद एक.
ताळगावच्या पठारावर इंटरनेटचा भरवसा नसतो.
कायतानने प्रयोगशाळेच्या किल्ल्या वाजवत
खिडकीपाशी स्टूल सरकवलं.
"हांगा बस, हांगा रेंज मेळटा."

सगळं वाचलं. परिशिष्ट क सुद्धा.
पीएचडी आहे. नेट आहे.
शोधनिबंध अकरा, त्यातले दोन असे
की माझ्याखेरीज कुणी वाचले असतील तर आभार.
अनुभव नऊ वर्षं, तासिका तत्त्वावर,
म्हणजे दर एप्रिलात संपणारा
आणि दर जुलैत पुन्हा पहिलीत बसणारा.
कोंकणी येते; भांडताना जास्त.
रहिवास: किमान पंधरा वर्षं.

मामलेदार कचेरीत कारकुनाने आधी बोटांवर मोजलं,
मग कॅलक्युलेटरवर.
"चवदा वर्सां, दोन म्हयने,"
वजनकाट्याकडे बघून सांगावं तसं.
"जल्म खंयचो?"
सातार्डा. नयबागचा पूल ओलांडला की.
त्याने मान हलवली.
पूल ओलांडला की. तेच तर.

त्या पुलाखालच्या चिखलात मी खेकडे मोजलेत,
दोन्ही काठांचे, गुडघाभर रुतून,
तिथीवरून भरतीचा हिशोब करून.
पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं.
पेडण्याच्या काठाला सोडलेला एक पिवळा
पाचव्या दिवशी सातार्ड्याला सापडला,
आईच्या परसामागे, माडाच्या मुळाशी.
तक्ता चार, तळटीप दोन.
कचेरीत तळटीप चालत नाही.

दहा महिने थांबा, म्हणाला तो. भला माणूस.
अर्जाची शेवटची तारीख एकोणीस.

सोमवारी रेश्मल आली, चोडणहून,
फेरीच्या वाऱ्याने केसांचा गुंता.
माझीच विद्यार्थिनी.
पहिल्यांदा चिखलात उतरली तेव्हा
चप्पल गमावून तिथेच हसत बसली होती.
"मॅडम, शिफारसपत्र हवं होतं. ते पद आलंय ना..."
आणि मध्येच थांबली. "तुम्ही भरताय?"
नाही, म्हटलं, आणि चहा मागवला.
कारण विचारलं नाही तिने.
बशीतली साय बोटाने बाजूला करत राहिली.

रात्री लिहायला बसले.
'मेहनती' लिहिलं, खोडलं. बैलाला म्हणतात तसं.
लिहिलं: आकडा कमी आला तर ती कमीच लिहिते.
लिहिलं: माझ्या एका तक्त्यात तेवीसचे बत्तीस झाले होते,
ते हिनेच दाखवलं,
आणि मग दोन दिवस माझ्यासमोर यायला घाबरली.
एखादं वाक्य कोमट ठेवता आलं असतं.
निवड समितीला कोमट बरोबर कळतं,
त्यासाठी काही खोटं लिहावं लागत नाही.
पेन तिथे थांबलं.
किती वेळ, ते सांगणार नाही.

सकाळी कायतानने पाकिटाला गोंद लावला,
अंगठ्याने कडा दाबली.
"तुजें काम जालें?"
एक झालं.
आत, सहीखाली, हुद्दा लिहिलाय: कंत्राटी व्याख्याती.
इतकी वर्षं 'कं. व्या.' लिहीत आले;
या वेळी पूर्ण लिहिला.

खिडकीत वाळत ठेवलेले गमबूट काढले.
आतली वाळू झटकली.
आज भरती साडेअकराला आहे,
त्याआधी दोन तास मिळतील मोजायला.